आईचा रिपोर्ट: ईआर शून्य, पीआर शून्य, हर-टू दोन प्लस. पुढे काय?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

आई ६१ वर्षांची. गाव पाचोऱ्याकडे. डाव्या स्तनात गाठ लागली म्हणून मार्चमध्ये जळगावात सुईने तुकडा काढला. कॅन्सर निघाला. तीन आठवड्यांनी एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. काल त्याचा 'आयएचसी' (तुकड्याला रंग लावून करतात ती टेस्ट) रिपोर्ट हातात पडला. ईआर निगेटिव्ह, ० टक्के. पीआर निगेटिव्ह, ० टक्के. हर-टू २+, आणि पुढे 'संदिग्ध, फिश करावी' असं काहीतरी.

फिश म्हटल्यावर मामा म्हणाला, "आता मासे खाऊ घालायचे का?" घरात त्या दिवशी तेवढंच हसू आलं.

एका ओळखीच्याने सांगितलं की हा 'ट्रिपल निगेटिव्ह' (तिन्ही निगेटिव्ह) प्रकार असेल, वाईट असतो, केमोशिवाय काही चालत नाही. दुसरा म्हणतो २+ म्हणजे पॉझिटिव्हच, महागडी इंजेक्शनं लागतील. माझी कापसाची जिनिंग, यातलं ओ की ठो कळत नाही. कुणी साध्या भाषेत सांगेल का, हे रंग लावून नेमकं काय बघतात?

---

मेहरूणचं_बोर

भाऊ, काळजी घ्या. माझ्या वहिनीला हेच झालं होतं, आज सात वर्षं ठणठणीत आहे. रिपोर्टमधलं मला कळत नाही, पॅराफिन ताई बघतीलच.

---

पॅराफिन

बघितलं. मी जळगावात एका लॅबमध्ये हिस्टोला आहे, म्हणजे तुकडे कापून रंगवायच्या विभागात. डॉक्टर नाही, टेक्निशियन. चौदा वर्षं हेच करतेय. उपचाराचं डॉक्टरच सांगतील, रंगाचं मी सांगते.

माहेर रावेरकडचं, केळीच्या घरातलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. केळीचा घड कापला की चीक गळतो. गळतो तेव्हा पाण्यासारखा असतो, बनियनवर पडला तरी दिसत नाही. संध्याकाळपर्यंत तोच डाग तपकिरी होतो आणि मग कुठल्याही साबणाने जात नाही. चिकातल्या द्रव्यांना हवा लागते, त्यातलंच एक एन्झाइम त्यांचा पक्का तपकिरी रंग बनवतं.

आमच्या स्लाइडवर जवळपास हाच खेळ असतो. तुकडा मेणात बसवून ठोकळा बनवतात, त्याला ब्लॉक म्हणायचं. ब्लॉकचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काढते. कोमट पाण्यावर ते सायीसारखे तरंगतात, तिथून काचेवर उचलायचे. मग फॉर्मॅलिनने (तुकडा सडू नये म्हणून ज्यात बुडवतात ते औषध) प्रथिनांना मारलेल्या गाठी सोडवायला स्लाइड बफरमध्ये तापवायची. मोठ्या लॅबमध्ये याला मशीन असतं. मी शिकले ती घरच्या स्टीलच्या प्रेशर कुकरमध्ये, वरण-भाताच्याच.

त्यानंतर अँटिबॉडीचा थेंब. ही अँटिबॉडी एकाच प्रथिनाला ओळखते, मग ते हार्मोन पकडणारं ईआर किंवा पीआर असो, नाहीतर पेशीला वाढायला सांगणारं हर-टू. ईआरची असेल तर ईआरला चिकटते, ते नसेल तर धुऊन जाते. तिच्या पाठीवर पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम चढवतात. मग डॅब हे रसायन टाकलं की जिथे अँटिबॉडी बसली आहे तिथेच तपकिरी डाग उमटतो, बाकी पेशी हेमॅटॉक्सिलिनने निळ्या. (डॅब स्वतःच कॅन्सर करत असल्याचा संशय आहे, म्हणून दुहेरी ग्लोव्ह्ज. आमच्या धंद्यातला विनोद.)

ईआर-पीआरचा तपकिरी रंग पेशीच्या केंद्रकात दिसतो. हर-टूचा पेशीच्या कडेला.

आता मला दोन गोष्टी सांगा भाऊ. ऑपरेशन कुठल्या वारी झालं? आणि काढलेला भाग लॅबमध्ये कोणी, कधी, कशात नेला?

---

केळीवाला_रावेर

ताई माहेरची लाज राखली! चिकाचे कपडे आमच्याकडे वेगळेच असतात, सणाला त्या माणसाला ओळखता येत नाही. अँटिबॉडीचं मात्र दोनदा वाचावं लागलं.

---

गिरणाकाठ

शनिवारी दुपारी ऑपरेशन. डबा मीच नेला. दवाखान्यातला माणूस म्हणाला लॅब आता बंद, सोमवारी द्या. बरणी मेव्हण्याकडे ठेवली, सोमवारी सकाळी अकराला मोटारसायकलवर नेऊन दिली. प्लास्टिकची लोणच्याएवढी बरणी, आतला भाग पुरा दाबून बसवलेला. वर पाणी होतं थोडं. का विचारलं?

---

पॅराफिन

पाणी होतं की औषध? झाकण उघडलं होतं का? वास आला?

---

गिरणाकाठ

लॅबमध्ये त्या मुलीने माझ्यासमोरच उघडलं. वास काही विशेष नाही. मटणाच्या दुकानात येतो तसा थोडा.

---

पॅराफिन

हेच वाटलं होतं.

फॉर्मॅलिनच्या बरणीचं झाकण तुमच्यासमोर निघालं असतं तर डोळ्यांतून पाणी आलं असतं, नाक धरून दोन पावलं मागे गेला असता. वास नव्हता म्हणजे बहुतेक सलाइन होतं, नाहीतर फॉर्मॅलिन नावापुरतं. एप्रिलमधल्या जळगावच्या उन्हाळ्यात शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. इतक्या वेळात प्रथिनं आतल्या आत सडायला लागतात. अशा तुकड्यावर मी जगातली सगळ्यात भारी अँटिबॉडी लावली तरी तिला धरायला काही उरलेलं नसतं. रिपोर्टमध्ये मग शून्य येतं.

मी असं म्हणत नाही की आईचा रिपोर्ट चूकच आहे. ईआर खरोखर शून्य असूही शकतो. पण या शून्यावर लगेच विश्वास टाकू नका. अमळनेरकर मॅडम इथे आहेत का?

---

बिनसाखरेचा

सगळे लॅबचे पैसे काढायचे धंदे. आधी एक टेस्ट, मग ती चुकली म्हणून दुसरी, मग फिश, मग मुंबईला ब्लॉक पाठवा. माझ्या काकांच्या वेळी पाच ठिकाणी पाच रिपोर्ट आले.

---

अमळनेरकर_पुणे

आले. (पॅथॉलॉजिस्ट, मूळची अमळनेरची, गेली अकरा वर्षं पुण्यात. स्तनाच्याच स्लाइड जास्त बघते.)

पॅराफिनने योग्य जागी बोट ठेवलंय. थोडी भर घालते.

काढलेला भाग शक्यतो तासाभरात १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, आणि त्यात किमान ६ तास, फार तर ७२ तास राहायला हवा. फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट असावं. ते आत शिरतं फार हळू, साधारण तासाला मिलिमीटरभर. म्हणून पूर्ण स्तन नुसता बुडवून भागत नाही, त्याला सेंटिमीटरभर अंतराने काप द्यावे लागतात. भरताचं वांगं काटक्यांवर टाकण्याआधी टोचे मारतो ना, तसंच. बामणोदचं ते मोठं वांगं न टोचता भाजून बघा, वरून कोळसा आणि आत कच्चं.

ईआर १ टक्का पेशींत दिसला तरी पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहितात, कारण या गटाला गोळ्यांचा फायदा किती हे अजून पक्कं नाही. म्हणजे ० आणि २ यात दोन टक्क्यांचा फरक असला तरी पुढची वाट बदलते. त्यामुळे खराब बुडवलेल्या तुकड्यावरचा ० हा सगळ्यात धोक्याचा आकडा.

हे तपासायचा एक सोपा मार्ग स्लाइडमध्येच असतो. स्तनाच्या गाठीशेजारी सहसा काही निरोगी दूधनलिका असतात. निरोगी नलिकांमध्ये काही पेशी ईआरला तपकिरी होतातच. त्या तपकिरी असतील आणि गाठ निळी, तर गाठ खरंच निगेटिव्ह. नलिकाही निळ्याच असतील, तर टेस्ट चाललीच नाही, गाठीबद्दल काहीच सांगता येत नाही. रिपोर्टमध्ये 'इंटर्नल कंट्रोल' असा शब्द कुठे आहे का बघा.

आणि तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच एक चांगली बातमी आहे, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मार्चमध्ये सुईने काढलेला तुकडा! तो सळईसारखा बारीक असतो, मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचा. कोणी फॉर्मॅलिनमध्ये टाकला असेल तर नीट मुरलेला असणार. त्याचा ब्लॉक त्या पहिल्या लॅबमध्ये असेल. त्यावर ईआर, पीआर, हर-टू तिन्ही परत करा. ऑपरेशनच्या तुकड्यावर फिश (हर-टूचं जनुक मोजायची टेस्ट) करू नका, तीही बिघडलेल्या तुकड्यावर फसते आणि पैसे जातात.

बिनसाखरेचा: पाच रिपोर्ट वेगळे आले हे खरं असू शकतं. पण पाचही जणांनी पैसे काढले म्हणून नव्हे, तुकडा पहिल्याच दिवशी बिघडला असेल म्हणून. रंग लावणारा माणूस मागच्या दाराने आलेलं नासकं दूध पुढच्या दाराने बासुंदी करून देऊ शकत नाही.

---

गिरणाकाठ

मॅडम, रिपोर्ट तीनदा वाचला. इंटर्नल कंट्रोल कुठेच नाही. 'नमुना मर्यादित गुणवत्तेचा' अशी एक ओळ शेवटी बारीक अक्षरात आहे.

म्हणजे मी बरणी दोन दिवस ठेवली, त्यामुळे झालं?

---

पॅराफिन

नाही. बरणी तुमच्या हातात देणाऱ्याला माहीत असायला हवं होतं की शनिवारी काय भरून द्यायचं. आमच्याकडे लोणचं घालताना बरणी पुसून, कोरडी करून घेतात. इथे माणसाचा अवयव होता. तुम्ही मुलगा, तुम्ही दिलेलं धरून ठेवलंत. विषय संपला.

---

सातपुडा

अनुमोदन. पण ही गोष्ट दवाखान्यांना कोण सांगणार? नंदुरबारकडे तर नमुना रुग्णाच्या भावाच्या पिशवीतून एसटीने जातो. मी स्वतः पाहिलंय, शहाद्याच्या स्टँडवर एकाच्या पिशवीत भाकरी आणि बरणी शेजारी शेजारी.

---

अमळनेरकर_पुणे

एसटीने जायला हरकत नाही. फॉर्मॅलिन पुरेसं असेल तर तुकडा एसटीतही मुरतो, विमानातही. बाहेरच्या उन्हाची भीती तुकडा फॉर्मॅलिनशिवाय असला तरच.

---

जुनी_पोथी

थोडं इतिहासाचं, कारण हा धागा लांब चाललाय आणि मला राहवत नाही.

अँटिबॉडीला खूण बांधून तुकड्यात प्रथिन शोधायची कल्पना अल्बर्ट कून्स यांची, १९४१ ची. त्यांची खूण चमकणारी होती, अंधारात बघावी लागे. पेरॉक्सिडेजची खूण १९६० च्या दशकात आली आणि साध्या सूक्ष्मदर्शकात दिसू लागलं. हे पेरॉक्सिडेज हॉर्सरॅडिशच्या मुळापासून काढतात, म्हणजे आपल्या मुळा-मोहरीच्या कुळातलंच. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच छापाच्या अँटिबॉडी अमर्याद बनवायची युक्ती काढली, १९८४ चं नोबेल त्यांना (आणि यर्ने यांना) मिळालं. हेमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडाचा रंग, मुळात कापड रंगवायचा.

गंमत पुढे आहे. हर-टू जास्त असलेल्या स्तनाच्या कॅन्सरचं पुढचं वळण वाईट असतं हे १९८७ मध्ये स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे तो तपकिरी रंग तेव्हा नुसता अपशकुन होता. १९९८ मध्ये अमेरिकेत हर-टूला जाऊन चिकटणारं ट्रॅस्टुझुमॅब हे औषध मंजूर झालं, आणि ते कोणाला द्यायचं हे ठरवणारी रंगाची टेस्टही त्याच वेळी मंजूर झाली. औषध पण अँटिबॉडी, टेस्ट पण अँटिबॉडी. अपशकुनाचाच पत्ता झाला.

---

केळीवाला_रावेर

अपशकुनाचा पत्ता. वा.

---

मेहरूणचं_बोर

वहिनीला तेच इंजेक्शन होतं. वर्षभर, दर तीन आठवड्यांनी. २०१४ पासून आपल्याकडे बनलेलं मिळायला लागलं म्हणून परवडलं, नाहीतर शेत गेलं असतं. तेव्हा तिचा रिपोर्ट ३+ होता, फिश लागली नाही. २+ ला का लागते?

---

अमळनेरकर_पुणे

३+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त पेशींची पूर्ण कड गडद तपकिरी. स्लाइड बघितली की मधाचं पोळं दिसतं, शंकेला जागाच नाही. ० आणि १+ म्हणजे कड नाहीच, किंवा तुटक, फिकट. २+ म्हणजे पूर्ण कड आहे पण फिकट किंवा मध्यम. इथे माझं आणि शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं. म्हणून प्रथिन सोडून थेट जनुक मोजायचं. फिशमध्ये प्रत्येक केंद्रकात हर-टू जनुकाचे एका रंगाचे ठिपके आणि १७ व्या गुणसूत्राचे दुसऱ्या रंगाचे ठिपके मोजतात. निदान वीस पेशींमध्ये, एकेक करून. प्रमाण २ किंवा जास्त आणि पेशीमागे हर-टूचे ठिपके ४ किंवा जास्त, म्हणजे पॉझिटिव्ह.

गिरणाकाठ, आईचा २+ कुठल्याही बाजूला झुकू शकतो. ओळखीच्यांचं दोन्ही ऐकू नका.

---

तापी_एक्स्प्रेस

मध्येच घुसतोय, माफ करा. वडील (भुसावळ, रेल्वेतून निवृत्त) फुप्फुसाचा कॅन्सर. त्यांचा पीडी-एल-वन ४० टक्के आलाय. हा तोच तपकिरी रंग का? कोणी म्हणतं ईजीएफआर पण करा.

---

अमळनेरकर_पुणे

तोच रंग, वेगळी अँटिबॉडी. पीडी-एल-वन हे प्रतिकारशक्तीला अडवणारं प्रथिन. ते ५० टक्के किंवा वर असेल तर इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्ती मोकळी करणारं औषध) एकटी द्यायचा विचार होतो, त्याच्या खाली असेल तर सहसा केमोबरोबर. पण त्याआधी ईजीएफआर आणि एएलके या दोन जनुकांतले बदल बघणं गरजेचं. एएलके रंगावर दिसतो. ईजीएफआरचा बदल जनुकात बघावा लागतो, रंग लावून भागत नाही.

फुप्फुसाचा तुकडा फार छोटा असतो. सुटे सुटे कलर करत बसलात तर ब्लॉक संपतो आणि महत्त्वाच्या टेस्टला उरत नाही. डॉक्टरांना विचारा: "ब्लॉकमध्ये किती उरलंय?" हा प्रश्न फार कमी जण विचारतात. तुमचं वेगळं लिहा ना धागा, इथे हरवेल.

---

तापी_एक्स्प्रेस

लिहितो. धन्यवाद मॅडम.

---

गिरणाकाठ

आज पहिल्या लॅबमध्ये गेलो. खिडकीतला मुलगा म्हणाला, "ब्लॉक आम्ही देत नाही, रिपोर्ट दिलाय ना." पाऊण तास उभा. मग आतून एक बाई आल्या, म्हणाल्या आईच्या सहीचं पत्र आणा, रजिस्टरवर सही करा, घेऊन जा. पत्र लिहिलं. आईने सही केली, नुसतं 'सुमन' नाही, अंगठा नाही, पूर्ण आडनावासकट. ती म्हणे, कॅन्सर मना शे, सही बी मनीच पाहिजे.

ब्लॉक हातात आला. काडेपेटीहून थोडं लहान प्लास्टिकचं पांढरं डबडं, त्यात मेण आणि मेणात चार राखाडी रेघा. हेच ते? एवढ्याशा रेघांवर सगळं?

---

पॅराफिन

हेच ते. आता एक ऐका: मोटारसायकलच्या डिकीत, बंद गाडीच्या काचेखाली अजिबात ठेवू नका. हे मेण ५६-५८ अंशांच्या आसपास वितळतं, आणि आपल्याकडे दुपारी बंद गाडी तिथे सहज पोचते. खिशात ठेवा, शर्टाच्या. आणि स्लाइड देतो म्हणाले तर स्लाइडवर थांबू नका. कापून ठेवलेल्या स्लाइडवरचा ईआर काही महिन्यांत फिका पडतो. ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं शाबूत राहतो.

---

बिनसाखरेचा

मी वर जरा फटकून बोललो. काकांचा नमुनाही रविवारी काढला होता, आठवतंय. तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. योजनेत या टेस्ट बसतात का ते कोणी सांगेल?

---

पॅराफिन

महात्मा जोतिराव फुले योजनेत तुम्ही बसत असाल तर त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि टेस्टचं नाव लिहूनच विचारा. तोंडी विचारलं की "होतं, होतं" म्हणतात.

---

गिरणाकाठ

अपडेट, उशीर झाला, केळीला पाणी अन् जिनिंगचं काम दोन्ही. सतरा दिवस झाले.

ब्लॉक मुंबईला रात्रीच्या गाडीने स्वतः नेला. शर्टाच्या खिशात. टेस्ट त्याच ब्लॉकवर.

ईआर: ८० टक्के, गडद. पीआर: ३५ टक्के. हर-टू परत २+. मग फिश: प्रमाण १.२, ठिपके पेशीमागे २.६. निगेटिव्ह.

जुन्या स्लाइडपण दाखवल्या. तिथल्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाचा दुसरा डोळा मला दिला. जुन्या स्लाइडमध्ये शेजारच्या चांगल्या नलिका होत्या. सगळ्या निळ्या. एक ठिपका तपकिरी नव्हता.

---

अमळनेरकर_पुणे

म्हणजे टेस्ट चाललीच नव्हती.

फिशही निगेटिव्ह आली, म्हणजे हर-टूचं इंजेक्शन नको. २+ आणि फिश निगेटिव्ह याला आता 'हर-टू लो' म्हणतात. त्यासाठीचं ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे औषध पसरलेल्या आजारात वापरतात, आईला आज त्याचा संबंध नाही. पण रिपोर्ट जपून ठेवा. ईआर ८० टक्के म्हणजे हार्मोनच्या गोळ्या, आणि आईच्या वयाला सहसा लेट्रोझोलसारखी रोजची एक गोळी, पाच वर्षं किंवा जास्त. केमो लागेल का हे काखेतल्या गाठींवर आणि बाकी गोष्टींवर तुमचे ऑन्कोलॉजिस्ट ठरवतील.

जुना रिपोर्ट तसाच धरला असता तर ही गोळी तुमच्या आईला कोणी दिलीच नसती.

---

गिरणाकाठ

गोळी सुरू झाली. त्या दिवशी मोबाइलवर दोन्ही स्लाइडचे फोटो काढून आणले होते. आईला दाखवले. नवीन फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि म्हणाली, "हाऊ त केळीना चीकना डाग शे." मी ताईंची पोस्ट तिला वाचून दाखवली नव्हती, देवाशप्पथ.

ब्लॉक परत मिळालाय. घरी कुठे ठेवू? फ्रिजमध्ये?

---

पॅराफिन

फ्रिजची गरज नाही. कोरड्या, सावलीतल्या जागी. देव्हाऱ्याखालचा ड्रॉवर चालेल, पण समईपासून लांब. आणि वर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर दिवाळीच्या सफाईत कुणीतरी मेणबत्तीचा तुकडा म्हणून टाकून देईल. आमच्याकडे झालंय.